किशोरवय आणि प्रतिजैविकांचे वावडे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



मराठीत ‘वावडे’ हा एक नेमका शब्द आहे. जे इतरांना मानवते ते एखाद्यालाच सोसत नाही, तेव्हा त्याला त्या वस्तूचे वावडे आहे, असे जुनी माणसे म्हणत. यात दोष वस्तूचा नसतो, माणसाचाही नसतो. दोघांचे जमत नाही, इतकेच. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडविला, तेव्हा त्यांनाही शरीराचा ‘बदललेला प्रतिसाद’ असेच काहीसे म्हणावयाचे होते.

परंतु औषधाच्या बाबतीत हा नेमका शब्द घरांतून फारसा वापरला जात नाही. गोळी घेतल्यावर तासाभरात अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की “पित्त उठले” म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावतात. औषध सुरू होऊन पाच-सहा दिवसांनी अंगभर पुरळ आले की “गोवर फुटला” म्हणतात. तोही दिवसांत ओसरला की “औषध गरम पडले” एवढे बोलून विषय संपतो. या बोलण्यात कोठेही औषधाचे नाव येत नाही. नाव नसल्यामुळे तीच गोळी दोन वर्षांनी वेगळ्या रंगाच्या वेष्टनातून पुन्हा पोटात जाते. याच्या उलटही घडते. प्रतिजैविकाने पोट बिघडले, दोन जुलाब झाले, तर ती औषधाची अपेक्षित बाधा असते. पण कागदावर “पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी” असे लिहिले जाते आणि तो शिक्का जन्मभर पुसला जात नाही. जेथे भिण्यासारखे आहे तेथे निर्धास्तपणा आणि जेथे भिण्यासारखे नाही तेथे भीती, अशी ही उलटापालट आहे. बारा ते एकोणीस या वयात ती विशेष महाग पडते.

याचे कारण साधे आहे. मुलाला लहानपणी कोणत्या औषधाने काय झाले, हे आईच्या स्मरणात असते. किशोरवयात मात्र औषध घेणारा हात मुलाचा स्वतःचा होतो. तो वसतिगृहात राहतो, घसा दुखला तर मित्राच्या कपाटातील उरलेल्या कॅप्सूल घेतो, चेहऱ्यावरील पुटकुळ्यांसाठी घरी न सांगता औषध आणतो. स्मरण गावी राहते आणि हात शहरात जातो. औषधांच्या दुकानांविषयी कायदा आहे. काही प्रतिजैविकांसाठी २०१४ पासून ‘एच-१’ ही अधिक कडक अनुसूचीही लागू झाली. तरीही चिठ्ठीवाचून गोळ्या मिळतात, हे येथे बसलेल्या कोणालाही निराळे सांगावयास नको.

प्रथम सर्वांत तातडीच्या प्रकाराविषयी. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन गवसले. आपल्याकडे पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि ते देशातच तयार होऊ लागले. या औषधाने असंख्य जीव वाचविले, यात शंका नाही. परंतु त्याचा कण लहान आणि चिकट स्वभावाचा. तो रक्तातील प्रथिनांना जाऊन बिलगतो आणि काही थोड्या व्यक्तींचे शरीर या जोडीला शत्रू समजून तिच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. पहिल्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी तेच औषध आले की त्वचा, श्वासमार्ग आणि आतडी यांच्या अस्तरात दबा धरून बसलेल्या पेशी फुटतात आणि हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम बाहेर पडतात. यालाच अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात.

हे बहुधा काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत घडते. अंगावर गांधी, ओठ व पापण्यांना सूज, आवाज घोगरा होणे, छातीत घरघर, उलटी, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी. पुष्कळ रुग्णांना “काहीतरी भयंकर होणार” असे आतून वाटते. किशोरवयीन मुलीने असे म्हटले तर तो घाबरटपणा समजून दुर्लक्ष करू नये. काही वेळा गांधी उठतच नाहीत, थेट रक्तदाबच कोसळतो. ज्या मुलाला दमा आहे आणि तो आटोक्यात नाही, त्याच्या बाबतीत धोका अधिक.

यावर पहिले औषध एकच आहे, अ‍ॅड्रिनलिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूस, मध्यभागी, स्नायूत टोचावयाचे असते. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोस ०.०१ मिलिग्रॅम, एकूण ०.५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे चाळीस किलोच्या मुलास ०.४ मिलिग्रॅम. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर ते पुन्हा देता येते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी आधी अ‍ॅव्हिल आणि डेक्सा ही इंजेक्शने दिली जातात व “बघू या” म्हणून थांबले जाते. अ‍ॅव्हिलने खाज कमी होते. ते बंद होणारा गळा उघडत नाही आणि कोसळलेला रक्तदाब उचलत नाही. डेक्साचा परिणाम दिसावयास तासन् तास लागतात. या थांबण्यातच जीव जातो. रुग्णास आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप असेल तर पाय पसरून टेकून बसवावे, पण उभे करून चालत नेऊ नये. बरे वाटले म्हणून लगेच घरीही नेऊ नये, कारण काही रुग्णांत काही तासांनी तोच हल्ला पुन्हा येतो.

या भीतीचा दुसरा चेहरा पाहावयाचा तर ‘एकवीस दिवसांचे इंजेक्शन’ घेणाऱ्या मुलांकडे पाहावे लागते. घशाच्या एका साध्या वाटणाऱ्या जंतुसंसर्गानंतर, दोन-तीन आठवड्यांनी, काही मुलांचे गुडघे, घोटे, मनगटे आळीपाळीने सुजतात. हा ऱ्हुमॅटिक ताप. तो मुख्यतः पाच ते पंधरा या वयात येतो. सांधे बरे होतात; हृदयाच्या झडपा मात्र आकसतात किंवा गळू लागतात आणि घसा पुन्हा बिघडला की हृदयावर नवा घाव बसतो. हे टाळण्यासाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन किंवा चार आठवड्यांनी, किमान एकविसाव्या वर्षापर्यंत आणि झडप बिघडली असल्यास त्यानंतरही पुष्कळ वर्षे घ्यावे लागते. बाराव्या वर्षी सुरुवात झालेल्या मुलीला एकविसावे लागेपर्यंत, दर एकवीस दिवसांनी धरल्यास, सुमारे दीडशे वेळा ही सुई टोचून घ्यावी लागते. ते दुखतेही फार. औषध घट्ट, सुई जाड, आणि नंतर दोन दिवस बसताना कळ.

इतके करून ते टोचणारा मिळेलच असे नाही. पंचक्रोशीत कधी काळी अशा इंजेक्शननंतर कोणी दगावल्याची आठवण असते आणि मग डॉक्टर नम्रपणे सांगतात, “मोठ्या रुग्णालयात जा.” त्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या, संतप्त जमावाचे भय बाळगणाऱ्या डॉक्टरची अडचण खोटी नसते. मुलीचा एक दिवसाचा खाडा, बापाची एक दिवसाची मजुरी, असे दोन-चार वेळा झाले की इंजेक्शन सुटते.

ही भीती किती खरी? याचे मोजमाप झालेले आहे. अकरा देशांतील १,७९० रुग्णांची पाहणी १९९१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एकूण ३२,४३० इंजेक्शने दिली गेली होती. त्यांत ५७ जणांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची अ‍ॅलर्जी झाली, चौघांना अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला आणि एक रुग्ण दगावला. एक मृत्यू हा त्या घरासाठी संपूर्ण मृत्यू असतो, हे मान्यच आहे. परंतु दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. युगांडात पाच ते सतरा वर्षांच्या, झडपांची प्रारंभिक बिघाडाची चिन्हे असलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१-२२ च्या सुमारास पुढे आले. दोन वर्षांत, इंजेक्शन न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार बळावला. घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.८ टक्के होते.

आणखी एक गोष्ट उलगडली आहे, ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली दिलेल्या सल्ल्यात असे नमूद केले, की झडपांचा आजार तीव्र असलेल्या रुग्णांत इंजेक्शननंतर लगेच आलेले काही मृत्यू अ‍ॅलर्जीचे नसून दुबळ्या हृदयाला तो धक्का न सोसल्यामुळे आलेले असावेत. वेदना, भय, रक्तदाब उतरणे, आणि आधीच थकलेले हृदय थांबणे, असा तो क्रम. म्हणून ज्यांच्या झडपा फार बिघडल्या आहेत किंवा ज्यांचे हृदय अशक्त झाले आहे, अशांना इंजेक्शनऐवजी तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांचा विचार करावा, आणि इतर सर्वांना ते निजवून, वेदना कमी करण्याची काळजी घेऊन, शरीरात पुरेसे पाणी असताना द्यावे, असा तो सल्ला आहे. म्हणजे ज्या मृत्यूमुळे गावातील शंभर मुलांचे इंजेक्शन बंद पडले, तो मृत्यू कदाचित पेनिसिलिनच्या वावड्याचा नव्हताच.

आपल्या घरांच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. इंजेक्शनची तारीख पर्युषणातील उपवासाच्या दिवशी येत असेल, तर डॉक्टरांना विचारून ते एक-दोन दिवस आधी उरकावे. कोरड्या पोटी, पाण्याविना, उभ्याने टोचून घेतलेली सुई निरोगी मुलालाही भोवळ आणते.

आणि भोवळ म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. सुईच्या भयाने येणारी भोवळ किशोरवयात फार आढळते. त्यात चेहरा पांढरा पडतो, घाम सुटतो, नाडी मंद होते आणि निजविल्यावर एक-दोन मिनिटांत मूल सावध होते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुधा वेगाने पळते, अंग लाल होते किंवा गांधी उठतात, श्वासाला घरघर लागते आणि निजविल्याने आपोआप बरे वाटत नाही. प्रसंगी दोन्हींत फरक करणे डॉक्टरांनाही कठीण जाते. शंका असेल तेथे अ‍ॅड्रिनलिन देणेच हिताचे. परंतु त्यानंतर शांतपणे बसून, नेमके काय झाले होते ते ठरवून लिहिले पाहिजे. तसे न झाल्यास साध्या भोवळीमुळे एखाद्या मुलीचे संरक्षण कायमचे तुटते.

“आधी टेस्ट केली का?” हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. कातडीत थोडेसे औषध टोचून वाट पाहण्याची ही पद्धत उपयोगी आहे. पण ती ढाल नव्हे. ज्याला पूर्वी कधीच त्रास झाला नाही, त्याच्या बाबतीत तिच्यातून फार काही कळत नाही. पूर्वी त्रास झालेल्यांची खरी चाचणी ठरावीक द्रव्यांनी, प्रशिक्षित हातांनी करावी लागते. चाचणीच्या त्या थेंबानेही क्वचित अ‍ॅनाफिलॅक्सिस होऊ शकतो. अ‍ॅड्रिनलिन हाताशी नसेल, तर टेस्ट करूनही सुरक्षितता आली असे समजू नये.

आतापर्यंत सांगितले ते मिनिटांत घडणारे. दुसरा वर्ग सावकाश येतो, आणि तो ओळखणे मुलाच्या स्वतःच्या हाती अधिक असते. न्यूयॉर्कचे स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी १९२२ साली दोन लहान मुलांच्या विलक्षण आजाराचे वर्णन केले : ताप, अंगभर पुरळ, तोंड सोललेले, डोळे पेटलेले. या आजाराला आज त्यांचेच नाव आहे. त्याचेच उग्र रूप, ज्यात भाजल्याप्रमाणे कातडी सुटून येते, ते १९५६ साली अ‍ॅलन लायेल यांनी वर्णिले. सल्फाच्या गोळ्या, म्हणजे को-ट्रायमोक्झॅझोल, हे याचे एक प्रमुख कारण. अन्य प्रतिजैविके, तसेच फेफऱ्यावरील काही औषधेही त्यात येतात. औषध सुरू झाल्यावर साधारणतः ४ ते २८ दिवसांत हे उद्भवते. प्रारंभी ताप, घसादुखी, डोळ्यांची आग. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध घेतले तेच वाढल्याचा भास होतो, आणि मूल आणखी एक गोळी घेते.

येथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. साधे पुरळ खाजते. हे पुरळ दुखते. कातडीला हात लावला तर वेदना होतात, डाग जांभळट असतात, ओठांना व तोंडात जखमा होतात, लघवीला जळजळ होते. किशोरवयातील मुले ही शेवटची गोष्ट लाजेने सांगत नाहीत. ती विचारावी लागते. असे दिसताच औषध त्याच क्षणी थांबवून, अतिदक्षता विभाग व नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. मुलांमध्ये काही जंतुसंसर्गांमुळेही असेच चित्र दिसते, पण तो निवाडा रुग्णालयाने करावयाचा. कातडी भरून येते. डोळ्यांची काळजी पहिल्या दिवसापासून घेतली नाही तर आतील जखमा व्रण होऊन दृष्टी कायमची अधू होऊ शकते. एकदा असे झालेल्या व्यक्तीस ते औषध चाचणीपुरतेही पुन्हा देऊ नये.

तिसरा प्रकार तारुण्यपीटिकांच्या औषधाशी निगडित आहे. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक मुरुमांसाठी कित्येक आठवडे दिले जाते. क्वचित कोणाला ते सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी आणि अंगभर पुरळ असे होते. आतून यकृताला इजा होत असते. महिनाभर विनातक्रार घेतलेल्या गोळीवर कोणाचा संशय जात नाही. ती गोळी घरच्यांपासून लपविलेली असेल, तर डॉक्टरांनाही तिचा पत्ता लागत नाही. मुलाला दरडावण्यापेक्षा “चेहऱ्यासाठी काही घेत होतास का?” हे सहज विचारणारा गृहपती अशा वेळी फार मोठे काम करतो.

आता खोट्या शिक्क्याविषयी. माँट्रियलच्या बालरुग्णालयात अ‍ॅमॉक्सिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचा संशय असलेल्या ८१८ मुलांना देखरेखीखाली तेच औषध देऊन पाहण्यात आले. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९४ टक्के मुलांना काहीही झाले नाही. बहुतेकांचे पुरळ मुळात त्या वेळच्या विषाणूचे होते. किशोरवयात तर एक खास फसवा प्रसंग आहे. ‘ग्रंथिज्वर’ या विषाणुजन्य आजारात घसा टॉन्सिलसारखाच सुजतो. टॉन्सिल समजून अ‍ॅमॉक्सिसिलिन दिले, की काही जणांच्या अंगावर दाट पुरळ येते. ते भयंकर दिसते, पण बहुतेकांत ते पेनिसिलिनचे कायमचे वावडे नसते. शिवाय खरे वावडेही काळाबरोबर ओसरते : पेनिसिलिनच्या तत्काळ अ‍ॅलर्जीचे रुग्ण दहा वर्षे त्यापासून दूर राहिले, तर त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के लोकांची संवेदनशीलता नाहीशी होते. अर्थात ते घरी गोळी खाऊन पाहावयाचे नाही, रुग्णालयात तपासावयाचे. चौथ्या वर्षी लागलेला शिक्का सोळाव्या वर्षी एकदा तपासून घ्यावा. नाहीतर साध्या औषधाऐवजी महागडी, व्यापक मारा करणारी प्रतिजैविके जन्मभर घ्यावी लागतात. दुखऱ्या पुरळाचा किंवा कातडी सुटल्याचा इतिहास असेल तेथे मात्र ही वाट बंद समजावी.

जूनमध्ये वसतिगृहाच्या प्रवेश अर्जावर “काही अ‍ॅलर्जी आहे काय?” असा एक रकाना असतो. रांगेत उभे राहून, गडबडीत, बहुतेक पालक त्यात “नाही” असे लिहितात. त्याऐवजी सहा प्रश्न घालता येतील. कोणत्या औषधाने त्रास झाला? वेष्टनावरील व्यापारी नाव नव्हे, मूळ नाव. एकाच अ‍ॅमॉक्सिसिलिनची कितीतरी बाजारी नावे आहेत. ते कशासाठी दिले होते? घेतल्यापासून किती मिनिटांनी किंवा दिवसांनी त्रास सुरू झाला? नेमके काय झाले? रुग्णालयात ठेवावे लागले काय? आणि त्यानंतर तेच औषध पुन्हा कधी बिनत्रास घेतले आहे काय? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि पुष्कळदा त्याच्याच उत्तराने खोटा शिक्का गळून पडतो. उत्तरे आईने सांगावीत, पण लिहावीत मुलाने. त्याच मजकुराची एक चिठ्ठी त्याच्या ओळखपत्राच्या मागे असावी.

गृहपतींनी जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री अ‍ॅड्रिनलिन मिळते, हे सत्राच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहून यावे. १०८ क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. वसतिगृहात परिचारिका असेल तर औषधाची कुपी तिच्या ताब्यात, मात्रेच्या तक्त्यासह ठेवावी आणि तिची मुदत तपासत जावी.

एकवीस दिवसांचे इंजेक्शन घेणारी एखादी मुलगी शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जात असेल, तर तिच्याजवळ तिच्या डॉक्टरांचे पत्र हवे : आजार कोणता, झडपांची स्थिती काय, आजवर किती इंजेक्शने कोणत्याही त्रासाविना झाली, शेवटचे कधी झाले आणि पुढचे कोणत्या तारखेला आहे. नव्या गावातील अनोळखी डॉक्टर ते पत्र वाचून सुई हातात घेतो.